त्र्याण्णवला उकळलेलं पाणी

सोमवार, ४ नोव्हेंबर

सहा दिवस! शनिवारपर्यंत सुटका नाही. विज्ञान शिक्षकांनी सगळं स्वतःच्या हातांनी करून बघायचं, अशी कार्यशाळा. बाकं पहिलीच्या पोरांची, त्यात माझे गुडघे मावत नाहीत. बर्नरची ज्योत हलते म्हणून खिडक्या बंद, आणि कोणी मधेच सटकू नये म्हणून दारही बंद. चाळीस शिक्षक, वीस बर्नर, पंखा एकही चालू नाही.

जोडीला आमच्याच शाळेतली नवी. तीन वर्षं झाली तरी नवीच म्हणतात तिला, कारण कंत्राट दर वर्षी नवं असतं. यंदा कार्यशाळेचा शेरा चांगला गेला तर कायम करू, असं मुख्याध्यापकांनी सांगितलंय. त्यामुळे बाईंनी आल्या आल्या दोन पेन्सिली टोकदार करून ठेवल्या!

पहिलं काम – पाणी तापवा, दर मिनिटाला थर्मामीटर वाचा, प्रत्येकाने आपापल्या कागदावर आलेख काढा. पाणी उकळलं. मी शंभर लिहिलं. तिने त्र्याण्णव.

"अगं, नीट वाच."

"नीटच वाचलं सर. पारा तिथून हलतच नाहीये."

तेवढ्यात चहा आला.

मंगळवार, ५

प्रशिक्षकांनी तिचा कागद सगळ्यांसमोर उंच धरला. "पाणी त्र्याण्णवला उकळतं असं मानणारे शिक्षकही आपल्यात आहेत बरं का!" हॉलभर हशा. मग माझा आलेख फळ्यावर टाचणीने लावला. "वळण बघा, वळण! याला म्हणतात सव्वीस वर्षांचा हात."

हसणाऱ्यांत मीही होतो. हे लिहून ठेवतोय, नाहीतर उद्या स्वतःलाच सांगेन की नव्हतो.

चहाला ती जवळ आली. "सर, आपल्या दोघांत थर्मामीटर एकच होता ना?"

"चहा निवतोय," म्हणालो मी. काय पण उत्तर!

बुधवार, ६

तासभर आधी गेलो. शिपायाला सांगितलं, चष्मा विसरलोय. बर्नर पेटवला, पाणी उकळवलं, खोक्यातले थर्मामीटर एकेक करून बुडवले. त्र्याण्णव. त्र्याण्णव. चौऱ्याण्णव. त्र्याण्णव. अख्खं खोकं सदोष! म्हणजे परवा वीस टेबलांवर पारा शंभरच्या खालीच अडला होता आणि एकोणचाळीस जणांनी शंभर लिहिलं.

शेजारच्या टेबलावरच्या टकलू मास्तरांना सहज विचारलं, "तुमचं किती आलं होतं?"

"शंभर. दुसरं किती येणार?"

"पाहिलं होतंत?"

"त्यात पाहायचंय काय!"

त्यांनी निदान पाहिलं तरी नव्हतं. मला सोमवारीच त्र्याण्णव दिसलं होतं. स्पष्ट दिसलं होतं. तरी शंभर लिहिलं आणि मधले आकडे हळूहळू चढवत तिथवर नेले, वळण छान यावं म्हणून. पोरांच्या वह्यांत हीच लबाडी पकडून मी त्यांना आयुष्यभर कान धरून उभं केलंय.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग सांगून टाका की. एवढं काय त्यात?" एवढं काय त्यात म्हणे! फळ्यावर माझा आलेख लटकतोय. पुढच्या कार्यशाळेला मार्गदर्शक म्हणून माझंच नाव घेतायत. तोंड उघडलं तर मी खोटारडा, आणि माझ्यामागे अडतीस जण तोंडघशी. गप्प बसलो तर त्या पोरीची नोकरी जाते. हिने भाजी चिरता चिरता एवढंच म्हटलं, "तिच्या घरी तिच्या एकटीचाच पगार आहे ना हो?"

गुरुवार, ७

हात वर केला. "बोला, आमचे आदर्श!" प्रशिक्षक म्हणाले. मी विचारलं, एखादी खिडकी उघडता येईल का. नाही म्हणाले.

शुक्रवार, ८

मुख्याध्यापकांचा फोन. "तुमची नवी तिथे काय दिवे लावतेय? साधं पाणी उकळता येत नाही म्हणे! शेरा असा आला तर माझ्या हातात काही नाही, सांगून ठेवतो."

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. "बघतो," म्हणालो आणि फोन ठेवला. जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात दिसली. डबा उघडलेला, घास एकही नाही. माझ्याकडे बघून हसली. राग दिसला असता तर बरं वाटलं असतं.

लाज वाटली. खूप लाज वाटली. घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता कागद घेतला आणि लिहून टाकलं – थर्मामीटर त्र्याण्णव दाखवत होता, मी पाहूनही शंभर लिहिलं, माझ्या जोडीच्या शिक्षिकेचा आकडा खरा आहे, सगळे थर्मामीटर तपासावेत. खाली सही. हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, "आता जेवा." पाच दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो. उद्या सगळ्यात आधी हाच कागद देणार. जे व्हायचं ते होवो!

शनिवार, ९

दिला. प्रशिक्षकांनी वाचला, कपाळाला आठ्या घातल्या, फाईल उघडली आणि नवीचा कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर शंभर होतं. "काल निघताना त्यांनी स्वतःच दुरुस्त करून दिलाय. शेराही गेला, उत्तम म्हणून. आता तुम्ही म्हणता ते त्र्याण्णव कुणाला दिसलं होतं, सर?"

बाहेर ती उभीच होती. वाकून नमस्कार केला. "सर, मुख्याध्यापकांचा फोन आला, कायम झाले! फळ्यावरच्या तुमच्याच आलेखावरून उतरवलं, आकडा न् आकडा."