दर किलोमागे

रविवार संध्याकाळ, नौपाडा

गरम पाण्याची पिशवी घरात एकच. कंबर माझीही धरली आहे, सुनंदाचीही. आज तिने ती आधी पटकावली. मी गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलंय, गप्प कसा बसणार?

म्हटलं, "अगं, दर किलोमागे शरीरात पाण्यापेक्षा कमी उष्णता मावते. तुला थोडीशी ऊबही पुरेल. पिशवी मला दे."

टीव्हीवरची नजर न हलवता तिने विचारलं, "तुमचे किलो किती?"

"ब्याऐंशी." कशाला बोललो मी?

"पिशवीत दोन लिटरसुद्धा मावत नाही," म्हणाली आणि बर्फासारखी पावलं सरळ माझ्या मांडीखाली सरकवली.

गणित बरोबर होतं, तेच जास्त झोंबलं. दर किलोमागे पाणी जिंकतं, पण एकूण साठ्यात मी पिशवीला भारी. "वस्तुमान विसरू नका रे," असं पोरांना मीच बजावायचो ना?

आत्ता पिशवी माझ्याकडे आली. "घ्या, गार झाली."

पाणी तापवायला उठतो म्हटलं, तर म्हणते, "अहो, हलू नका. ऊब जाते."