भोंगा वाजायच्या आत

प्रिय दादा,

तू गेल्याला दीड वर्ष झालं आणि पत्र आत्ता लिहितेय, कारण गेल्या रविवारी तुझ्या लेकीनं, मुक्तानं, माझी चोरी पकडली.

तुझ्या कपाटात तिला ती कॅसेट सापडली. तुझ्या गेमची. 'भोंगा'! सिंहगड रोडवरून आपले बाबा सायकल दामटतायत, हँडलला डबा, वाटेत बैलगाड्या, म्हशी, बस, आणि फॅक्टरीचा भोंगा वाजायच्या आत गेट गाठायचं. तुझा तो कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड. पडदा घरातल्या टीव्हीचा आणि गेम साठवायचा टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर. धायरीच्या आपल्या दोन खोल्यांत टीव्ही सगळ्यांचा, म्हणून तू आधी वहीत ओळी लिहायचास आणि दुपारी टीव्ही मोकळा झाला की टाईप करायचास.

मी तेव्हा नववीत. वस्तीत जयंतीला भाषण करायचं होतं, सरावाला कोरी कॅसेट नव्हती. तुझी लावून पाहिली तर नुसती कर्कश किंचाळी. मला वाटलं, ही बिघडलेलीच आहे! ती किंचाळी म्हणजेच तुझा गेम, हे मला कुठं ठाऊक! कुणी त्यावर रेकॉर्ड करू नये म्हणून तू तिच्या पाठीवरचे प्लॅस्टिकचे तुकडे मोडले होतेस. मी त्या खाचांवर चिकटपट्टी लावली, भाषण म्हटलं, ऐकलं आणि चिकटपट्टी काढून टाकली.

चारच दिवसांनी तू गेम घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानदाराकडे गेलास. तो त्याच्या कॅसेटी काढून विकणार होता. पडद्यावर एररशिवाय काही येईना. वायर जोडली की टेपचा आवाज बंद व्हायचा, त्यामुळे माझं भाषण तिथं कुणाला ऐकूच आलं नाही. घरी येऊन तू म्हणालास, "मशीननं दगा दिला, बेबी." आणि मी? तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पण मला सांग, वही होती ना तुझ्याकडे? पुन्हा का नाही बसलास? जूनमध्ये तुला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरी लागली, समोर नवाकोरा पीसी आला. दुकानदारही म्हणाला, "अहो, आता हे मशीन कोण घेतंय?" काळच बदलला, माझा काय दोष, अशी मी मनाची समजूत घालायचे. तरी तू गेमचा विषय काढलास की चहा टाकायला उठायचे. तीस-पस्तीस वर्षं किती चहा प्यायलास रे माझ्यामुळे!

रविवारी मुक्तानं टेप लॅपटॉपला जोडली. आधी तीच किंचाळी आणि मग मध्येच, "आदरणीय व्यासपीठ आणि माझ्या बंधू-भगिनींनो!"

"आत्या, हा तुझा आवाज आहे ना?"

मी रडत रडत सगळं कबूल केलं. तिनं कॅसेटच्या डबीतला कागद माझ्यापुढे धरला. तुझं अक्षर होतं: 'भोंगा. मध्ये बेबीचं भाषण आहे. पुसू नये.'

म्हणजे तुला माहीत होतं! अरे, मग एकदा रागवायचं तरी होतंस! मला किती हलकं वाटलं असतं! आता माफी कुणाकडे मागू? तुझ्याकडेच मागते. चुकलं माझं, दादा.

आठवडाभर मी तुझ्या कपाटातल्या त्याच वहीतल्या ओळी वाचतेय आणि मुक्ता लॅपटॉपवर त्या जुन्या मशीनची नक्कल चालवून पुसलेला भाग टाईप करतेय. आज सकाळी सायकल धावली! बाबा खुर्ची ओढून बसले. ऐंशी ओलांडली तरी नजर तीच. "डायनामो कुठाय? माझ्या सायकलला डायनामो होता." मग पहिल्याच म्हशीला धडकले, भोंगा वाजला. "मी एकदाही लेट गेलेलो नाही," ते म्हणाले. "पुन्हा लाव." तू गेल्यापासून त्यांनी जेवणातसुद्धा काही पुन्हा मागितलं नव्हतं.

फक्त शेवटचं गेट उघडत नाही. त्या ओळी वहीतही नाहीत, तू त्या थेट मशीनवरच टाईप केल्या असशील. मुक्ता म्हणाली, "त्या मी लिहिते. माझ्या बाबानं माझ्यासाठीच ठेवल्या असतील."

तर तुला शब्द देते. येत्या जयंतीला वस्तीतल्या विहारात हा गेम सगळ्यांना खेळायला ठेवू, डायनामोसकट. गेट उघडलेलं असेल. गेम कुणी केला आणि कुणी बिघडवला, हे मी स्वतः माइकवरून सांगेन. भाषणाचा सराव मात्र कोऱ्या कॅसेटवर करीन.

तुझी, आता पन्नाशीतली,
बेबी