बाबांच्या गाण्यांची जागा

शनिवार, संध्याकाळ. घोडपदेव

दादाशी बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून इथे लिहितेय.

त्याचं ते क्रिप्टो मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटर रात्रंदिवस राबवून डिजिटल नाणी मिळवणं, आधी ग्राफिक्स कार्डांवर चालायचं. खोली भट्टीसारखी तापायची, पंखे घोंघावायचे, आईचा दुपारी डोळा लागायचा नाही. मग म्हणाला, आता हार्ड डिस्कवर करतो. आवाज नाही, वीज कमी, फक्त डिस्कवर भरपूर रिकामी जागा पाहिजे. मला बरंच वाटलं. खरंच आवाज नव्हता.

आज आई म्हणाली, बाबांचं गाणं लाव. गाणी ठेवलेली माझी हार्ड डिस्क कपाटात नव्हती. ती दादाच्या मशीनला लावलेली दिसली. उघडली तर सगळ्या त्याच्याच फाइली. बाबा जयंतीला चाळीत गायचे ती भीमगीतं, शेवटच्या आजारपणात मी रेकॉर्ड केलेली... त्यातलं एकही उरलेलं नाही.

"त्यात बाबांची गाणी होती, माहीत होतं ना तुला?"

"होतं गं. मला वाटलं, तुझ्याकडे दुसरी कॉपी असेल."

वाटलं? मला विचारायला काय झालं होतं? कार्डं तापायची, छळायची, पण निदान कळायचं तरी काय चाललंय ते. ह्याने जराही आवाज न करता बाबांना पुसून टाकलं.

मी म्हणाले, आता तूच सांग आईला. त्याने सांगितलं, मान खाली घालून. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. मग तुझं काम झालं की गाणी परत घाल त्यात."