उजव्या डोळ्याची वही

१ सप्टेंबर, रविवार
पाळकसाहेबांनी आज उपदेशात नजरेला धरलं. परक्याकडे वासनेने पाहिलं की मनात पाप घडलंच म्हणे. उजवा डोळा पाप करवत असेल तर उपटून टाक. मग प्रत्येकाला एकेक वही दिली. आपल्या डोळ्याचं पाप रोज लिहायचं, कोणाला दाखवायचं नाही, महिन्याने जाळायची. मी तिसरी शिकलेली, वय एकाहत्तर, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, डावा जेमतेम. माझं अर्धं काम देवाने आधीच उरकलंय. वही कोरी राहणार.

३ सप्टेंबर
लिहायला काही नाही.

४ सप्टेंबर
आजही नाही. पेन मात्र चांगलं दिलंय.

५ सप्टेंबर
चर्चची बाकं दुरुस्त करायला सुतार आलाय. बायको वारलीय त्याची. आमची ऑर्गनवाली म्हणाली. मी विचारलं नव्हतं. विचारलं, पण खोलात नाही. रंधा मारताना बाह्या वर करतो. मला हात तेवढे दिसतात, चेहरा धूसर. राहू दे. ऑर्गनवाली मात्र टक लावून बघत होती. तिचं पाप माझ्या वहीत लिहून ठेवते, तिच्या हातून काही ते लिहून व्हायचं नाही.

७ सप्टेंबर, शनिवार
बाकं पुसायची पाळी माझी. पुसली. सुताराला चहा दिला. तहानलेल्याला पाजा असं शास्त्रातच आहे. साखर दोन चमचे घेतो. त्याच्याकडे दोनदा पाहिलं, ते रंधा नीट चालतोय का म्हणून.

१० सप्टेंबर
नात म्हणाली, "अठराला तुझं ऑपरेशन, आजी. मी रजा टाकलीय. तीन महिने फेऱ्या मारून तारीख मिळवलीय, आता नाटकं नकोत." डॉक्टर म्हणतो, आणखी लांबवलंत तर डोळा हातचा जाईल. डॉक्टरांना घाबरवायची सवयच असते.

१४ सप्टेंबर, शनिवार
आज पाळी ऑर्गनवालीची. तिला म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, मी पुसते. म्हणाली, "माझे गुडघे कधी दुखले गं?" म्हटलं, दुखतील. तिला मोहापासून वाचवणं माझ्यावर आलंय. चहा दोनदा. बाकं पुसायला तीन तास लागले. लांबलचक आहेत मेली.

१६ सप्टेंबर
ऑर्गनवालीच्या पापांनी चार पानं भरली. त्यात एखादं माझंही असेल, गर्दीत कळत नाही. एका अधू डोळ्यावर ही गत, मग दोन्ही चालायला लागले तर वही पुरायची नाही. पाळकसाहेब म्हणतात उपट, आणि मी दुरुस्त करून घेऊ? नातीला सांगितलं, ऑपरेशन रद्द. धर्माचं कारण आहे.
म्हणाली, "येशूने आंधळ्यांना डोळे दिले, आजी. काढून कोणाचे घेतले?" हिला इतकं बोलायला कोणी शिकवलं? मीच. मग म्हणाली, "डोळा गेल्यावर हात धरून फिरवणार कोण? मी. मला विचारलंस?" आणि दार आपटलं.

१८ सप्टेंबर
ऑपरेशनला गेले नाही. नात रजा घेऊन घरात. घरातले सगळे पडदे धुतले तिने. अंतःकरण शुद्ध ठेवायचं म्हणजे माणूस थकून जातं. दुपारभर झोपले.

२१ सप्टेंबर, शनिवार
आज पाळी तिसऱ्याच कोणाची तरी होती, तीही मी मागून घेतली. चहा घेऊन चर्चच्या पायऱ्या चढत होते. मला दिसल्या तीन, होत्या चार. सुताराने दंडाला धरून सावरलं. चहा त्याच्या शर्टावर. म्हणाला, "सांभाळून, आजी."
आजी! स्वतःची साठी उलटलेली.
वर म्हणाला, "माझ्या आईलाही मोतीबिंदू होता. आज करू, उद्या करू म्हणत राहिली. शेवटी मला आवाजावरून ओळखायची." एवढं बोलून रंधा मारायला लागला.
घरी येऊन नातीला म्हटलं, तारीख घे. "आणि धर्म?" म्हटलं, तो बघून घेईल. तिने चार ठिकाणी फोन केले. कोणीतरी रद्द केलेली मंगळवारची जागा मिळाली.

२४ सप्टेंबर
झालं. पट्टी आहे. नात डोळ्यात थेंब घालते. राग अजून आहे, पण हात हलका.
वही बंद ठेवायला सांगितलीय. वाकडंतिकडं लिहितेय.

२९ सप्टेंबर, रविवार
काळा चष्मा लावून चर्चला गेले. सगळं लख्ख. सुताराला टक्कल आहे, आणि उपदेश चालू असताना तोंड उघडं टाकून झोपतो. ऑर्गनवाली अख्खा वेळ सुरांच्या कागदात डोकं खुपसून. तिला ते वाजवताना मान वळवायलाही फुरसत नाही. कधीच नसणार. माझी चार पानं आता कोणाच्या नावावर टाकू?
पाळकसाहेब म्हणाले, जे अंतःकरणाचे शुद्ध ते देवाला पाहतील. मी समोर पाहिलं. समोर बाकं. फटींत बोटभर भुसा, कडेला चहाचे गोल डाग, पायांना कोळ्याची जाळी. दाराशी पाळीचा कागद लावलाय. कालचा शनिवार कोरा, आधीच्या तिन्ही शनिवारांपुढे माझं नाव, ठळक अक्षरांत.
नात कानाशी म्हणाली, "दिसतंय का नीट?"
म्हटलं, दिसतंय. फडकं आण.