आई मासे खात नाही

२७ ऑक्टो. २००७, शनि.
आईला आज तळ्यावर नेलं. ठाण्याहून इथे इंग्लंडला येऊन अडीच महिने झाले, दिवसभर खिडकीपाशी बसून असते. तळं घरापासून दोनच राउंडअबाउट दूर. फोल्डिंग खुर्ची, दोन शाली, थर्मास. मी हुकाला रबराची अळी लावली तर म्हणे, "ह्याला मासा फसतो? इथले मासे फारच भोळे दिसतात." तासाभरात दोन पर्च मासे. दोन्ही परत पाण्यात, मासेमारी क्लबचा नियम. वेंगुर्ल्याच्या खाडीत गरीने मासे धरलेली बाई, तिला काही केल्या पटेना. "खायचा नाही तर त्याच्या तोंडाला भोक कशाला पाडायचं?" पण हसली. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

४ नोव्हें., रवि.
आज रॉड तिच्याच हातात दिला. टोकाकडे बघतच नाही, दोरा बोटावर घेऊन बसते. "तळाला टेकू दे. जरा हलव. मग थांब. तुला लहानपणापासून घाई." सगळ्यात मोठा तिनेच काढला, अर्धा किलो तरी असेल. पाठीवरचे काटे अलगद दाबून धरला. पलीकडे केन बसतो, रिटायर्ड पोस्टमन. तो टोपी काढून म्हणाला, "लव्हली फिश, लव." आई लाजली!
घरी परत वरणभात, तोही चार घास. वजन ४३. परत जायला चार आठवडे. अशी पाठवायची? वर्षभर मासा बंद. नवरा गेला की मासे सोडायचे, हे तिच्या आईचं, आजीचं. कोणतं साल चालू आहे, म्हणून मी आवाज चढवला. ती ताट घेऊन उठली. शहाणाच आहे मी.

१५ नोव्हें., गुरु.
बाबांचं वर्षश्राद्ध. रजा टाकली. हॅरोहून गुरुजी आले, ट्रेन लेट, सगळंच उशिरा. खालचा स्मोक अलार्म काढून ठेवला होता, वरचा वाजलाच. सूनबाई मेघा जिन्यात टॉवेलने धूर हाकलतेय. जाताना गुरुजी म्हणाले, "वर्ष संपलं आता. आईंना नीट जेवायला घाला." वर्ष संपलं म्हणजे मासेही सुरू. मी सोयीचं तेवढं ऐकलं.

१७ नोव्हें., शनि.
एकटाच गेलो. एक पर्च ठेवून घेतला, सँडविचच्या डब्यात. केनने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. हळद, तिखट, कोकमाचं आगळ, वर रवा. मेघा म्हणाली, "आईंना विचारलंस का?" नव्हतं विचारलं. सरप्राइज द्यायचं होतं.
आईने तुकडी उचलून माझ्या ताटात घातली.
"अगं, वर्ष संपलं ना आता?"
"वर्षाचं नाही रे ते."
मग सांगितलं, बाजाराचं बोलावं तसं. शेवटच्या दिवशी हॉस्पिटलमध्ये बाबांनी बांगड्याचं तिखलं मागितलं. मीठ बंद होतं. "उद्या बघू म्हटलं मी ह्यांना." पहाटे ते गेले. आई, आजी, रीत, काही नाही. एवढंच. मेघा रडायला लागली. मी तुकडी खाल्ली, टाकवेना म्हणून.

१८ नोव्हें., रवि.
एक गोष्ट तिने वगळली. त्या संध्याकाळी माझा फोन झाला होता. ऑफिसच्या कारपार्कमध्ये उभा होतो. ती म्हणाली, "मासे मागतायत रे, एक घास देऊ का?" मी डाफरलो, "अजिबात नाही. डॉक्टरांना जास्त कळतं की तुला?" शब्दन् शब्द आठवतोय. तिला आठवत नसेल? काल माझं नाव एकदाही घेतलं नाही. वर्षभर घेतलं नाही. आणि मी तिला जुन्या विचारांची म्हणून झापत होतो.

२४ नोव्हें., शनि.
बोललो नाही. ऑफिसात सॉफ्टवेअर रिलीज आहे, वेळ नाही. (खोटं. काल तासभर समोर बसून टीव्ही बघितला.) वजन ४२.

१ डिसें., शनि.
उद्याचं विमान. बॅगा भरून झाल्यावर तीच म्हणाली, चल तळ्यावर. हात गोठत होते. केन नव्हता, कुणीच नव्हतं. अर्धा तास काही नाही. शेवटी बोललो.
"आई, देऊ नको म्हणून मीच सांगितलं होतं ना तुला?"
तिने पाण्याकडे बोट केलं.
"दोरा हलला तुझा. आधी तो बघ, लागलाय मासा."
गुंडाळत आणला. रबराची अळी जशीच्या तशी. काही लागलं नव्हतं, आणि दोरा हलला नव्हता हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.
"परत टाक," म्हणाली.
टाकला. चारला अंधार पडला तोवर दोघंही तसेच बसून होतो.