जिभेच्या डाव्या बाजूचं लोखंड

बाबा,

तुमचा हात जड होता. दुबईजवळच्या रोल्ला भागातल्या आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या माणसाला तुम्ही त्याच्याच लाटण्याने मारलेलं मी पाहिलंय. भाजी करपली म्हणून पातेलं आईच्या पायाशी आपटलंत, उकळता रस्सा तिच्या पोटरीवर उडाला, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "खलास, पुसून घे." बाहेर जेवायला बसलेल्यांना मात्र तुम्ही देवमाणूस वाटायचात. घरापासून लांब राहणारी एकटी पोरं तुमच्या आमटीसाठी दुबईहून गाडी काढून यायची. तुम्ही पळीतला थेंब तळहातावर घ्यायचात, चाटायचात आणि डोळे मिटायचात. तेवढाच वेळ तुमची भीती वाटायची नाही.

त्या शुक्रवारी मी सातवीत आहे. मेस गच्च भरलेली, मी पाणी वाढतेय. एका गिऱ्हाइकाने गमतीने विचारलं की आज आमटी कशी झालीय, आणि मी खरं ते सांगून टाकलं, खारट झालीय. पंगत हसली. तुम्हीही हसलात, आणि मला आत बोलावलंत. मी पुरती वळलेही नव्हते. उघड्या पंजाचा फटका डाव्या कानावर बसला आणि आत कागद फाटल्यासारखा आवाज झाला. मी फ्रीजच्या दारावर जाऊन आपटले. कानातून गरम काहीतरी मानेवर आलं, बोटाला लाल लागलं. तुम्ही पाहिलंत ते. मग आमटीकडे वळलात, थेंब चाटलात, आणि पातेल्यात तांब्याभर पाणी ओतलंत. खारटच होती ती.

आईने कोमट तेल घातलं कानात. तिला काय माहीत. त्यानंतर तो कान वाहतच राहिला. उशीला डाग, वर्गात शेजारची मुलगी बाक बदलून बसलेली, मी कापसाचा बोळा केसांखाली लपवतेय. बारावीच्या वर्षी चक्कर येऊन शाळेच्या जिन्यात पडले, तेव्हा कुठे मोठ्या डॉक्टरांकडे नेलंत. त्यांनी विचारलं, कानाचा पडदा कशाने फाटला. पोहताना, असं तुम्ही सांगितलंत. मला पोहता येत नव्हतं. डॉक्टरांनी कागदावर कानाचं चित्र काढून समजावलं की जिभेच्या चवीची एक नस पडद्याच्या अगदी मागून जाते, कान साफ करायच्या ऑपरेशनमध्ये तिला धक्का लागू शकतो. बहुतेकांची चव काही महिन्यांत परत येते, काहींची येत नाही. तुम्ही "इन्शाल्ला, सब ठीक होगा" म्हणून सही केलीत. चव हा शब्द तुमच्या कानावर तरी पडला होता का, कोण जाणे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही दवाखान्यात डबा घेऊन आलात. आमटी-भात, वर तूप. पहिल्याच घासाला जिभेची डावी बाजू मेल्यासारखी झाली, आणि मग तिथे लोखंड लागलं, गंजलेला खिळा चोखावा तसं. मी घास हातात काढून ठेवला आणि लोखंडासारखं लागतंय म्हणाले. तुम्हाला वाटलं मी डिवचतेय. डबा भिंतीवर गेला. आमटी पलंगावर, चादरीवर, आईच्या साडीवर उडाली. तुमचा हात वर झाला तो सरळ माझ्या बँडेजच्या रोखाने. आई मध्ये आली, तिला तुम्ही ढकललंत, ती खुर्चीसकट पडली. मी डब्याचं झाकण उचलून तुमच्या तोंडावर फेकलं. भुवई फुटली तुमची. नर्सच्या मागोमाग डॉक्टर धावत आले, आणि मी त्यांच्यासमोर, त्यांना कळावं म्हणून हिंदीत म्हणाले, "मैं तैरी नहीं थी. इन्होंने मारा था."

डॉक्टर तुमच्याकडे वळले. आवाज न चढवता त्यांनी सांगितलं की त्या फटक्याने पडदा गेला, पडद्यापायी कान सडला, आणि तो साफ करताना चवीची नस ताणली गेली. तुमच्या भुवईतून रक्त गळत होतं. तुम्ही खाली बसून फरशीवरचा भात बोटांनी गोळा करायला लागलात. तुमच्यासारख्या माणसाला चव जाणं म्हणजे काय, ते समजावून सांगावं लागलं नाही.

तुम्ही सुधारलात असं मी म्हणणार नाही. पुढच्याच महिन्यात पोळ्यावाल्याचा हात तव्यावर दाबलात, तो दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून गेला. माझ्यावर मात्र पुन्हा कधी हात उचलला नाहीत. त्याऐवजी दर शुक्रवारी पळी घेऊन यायचात, माझ्या तळहातावर आमटीचा थेंब ठेवायचात आणि विचारायचात, "डावीकडे?" मी सांगायचे, लोखंड. तुमचा चेहरा उतरायचा, आणि तुम्ही पळी घेऊन आत जायचात.

दीड वर्षाने मीना बाजारात आईबरोबर कापड बघताना मी चिंचेची गोळी तोंडात टाकली आणि ती डावीकडेही आंबट लागली. मी दुकानातच रडले. आईला म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय. पुढचा शुक्रवार आला. तुम्ही विचारलंत, "डावीकडे?" आणि मी म्हणाले, लोखंड. त्यानंतर पाच वर्षं प्रत्येक शुक्रवारी तेच म्हणाले. तुम्ही हृदयाच्या दुखण्याने दवाखान्यात पडलात, जेवण सुटलं होतं, बोलणंही तुटक झालं होतं, तरी माझा हात ओढून रिकाम्या तळव्यावर बोट टेकवलंत आणि तेवढाच एक शब्द विचारलात. मी म्हणाले, "अजून तसंच आहे, बाबा." चार दिवसांनी तुम्ही गेलात.

आईला हे कळू नये म्हणून हा कागद मी फाडणार आहे. पश्चात्ताप लिहायला बसले होते, पण तो पुरता खरा नाही. दर शुक्रवारी तुमचा चेहरा उतरायचा ना, तेव्हा मला बरं वाटायचं.