छातीचा फोटो न काढण्याची परवानगी मिळणेबाबत

प्रति,
मा. आरोग्य पडताळणी अधिकारी,
विशेष शाळा प्रवेश विभाग,
दुसरा मजला (लिफ्ट बंद असल्यास जिन्याने, लिफ्ट बंद आहे).

विषय: मुलीच्या छातीचा एक्स-रे दुसऱ्यांदा काढण्याचा आदेश मागे घेण्याबाबत.

संदर्भ: १) सूट मिळण्यासाठी अर्जदाराने केलेला पहिला अर्ज. २) पहिला अर्ज सापडत नसल्याने मागवलेली त्याची प्रत. ३) आपले कालचे पत्र.

महोदय,

कालच्या पत्राने अर्जदाराचे डोळे उघडले, त्याबद्दल आधी आभार. खालील मजकूर शांतपणे वाचावा ही विनंती. लिहिताना अर्जदारास ते जमलेले नाही.

१. अर्जदार ही मुलीची आई. बाजारपेठेतल्या एका जिन्याखाली मशीन टाकून ती कपडे अल्टर करून देते. मुलीचे वडील मालट्रक चालवतात आणि बहुतेक दिवस रस्त्यावर असतात, म्हणून आपल्या कार्यालयात खेटे घालण्याचा मान तिच्या एकटीच्या वाट्याला आला. मुलगी दहा वर्षांची, डोक्याने तल्लख, तोंडाने फटकळ. पण तिचा तोल राहत नाही, अंग थरथरते, म्हणून ती चाकाच्या खुर्चीत बसते, आणि तिचे बोलणे फार सावकाश येते. बाकीच्या शाळांनी गोड बोलून तिची बोळवण केली. आपल्या विभागाची शाळा बघायला नेले, तर तिथल्या बाई तिचे वाक्य संपेपर्यंत थांबल्या. घरी येऊन ती म्हणाली, "आई, त्यांनी माझं वाक्य मलाच पूर्ण करू दिलं. मला तीच शाळा पाहिजे." त्या शाळेत प्रवेश मिळावा, एवढेच मागणे आहे.

२. आता आजाराविषयी. माणसाच्या पेशीच्या केंद्रकात एटीएम नावाचे एक प्रथिन असते. (या नावावरून होण्यासारखा विनोद आपल्या कार्यालयात तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत करून झालेला आहे. तो पुन्हा करू नये.) पेशीतला डीएनए तुटला की ही गोष्ट सर्वांत आधी ज्यांच्या ध्यानात येते, त्यांतले हे एक. ते स्वतः शिवायला बसत नाही. ते ओरडते. हातातले काम थांबवा, दुरुस्ती करणाऱ्यांना बोलवा, दुरुस्त होत नसेल तर ही पेशी मोडीत काढा, अशी त्याची ओरड असते. साहेब, आपल्या शरीरातही ते आहे. ते जेवणाची सुटी घेत नाही, वरिष्ठांच्या सहीसाठी खोळंबत नाही आणि समोर काही तुटलेले दिसले तर उद्या या असे म्हणत नाही. त्यामुळे त्याच्या कामाची पद्धत आपल्या कार्यालयास अनोळखी वाटली, यात नवल नाही.

३. अर्जदाराच्या मुलीच्या शरीरात हे प्रथिन नाही. एक्स-रेचे किरण डीएनए तोडतात. इतरांच्या अंगात ते निस्तरले जाते, तिच्या अंगात ओरडणारेच कोणी नाही. तुटलेले तसेच राहते, साठत जाते आणि पुढे त्यातून कर्करोग उभा राहू शकतो. मेंदूविकाराच्या डॉक्टरबाईंनी बजावले आहे की, जिवावर बेतले तर एक्स-रे काढावाच लागेल, पण तोवर एकही फुकट घालवू नका. आपल्या नियमाप्रमाणे मुलीस क्षय नाही हे छातीचा एक्स-रे काढून दाखवायचे असते. त्याऐवजी रक्ताचा व थुंकीचा अहवाल आणि डॉक्टरबाईंचे पत्र पहिल्याच दिवशी जोडले होते. दोन्ही अहवाल निर्दोष आहेत.

४. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी ते सर्व कागद आपुलकीने बाजूला सारले आणि सूट मागण्याचा वेगळा नमुना दिला. त्यात लिहिले होते की, सूट देणे सुरक्षित आहे किंवा कसे हे समितीस ठरवता यावे यासाठी छातीचा अलीकडचा एक्स-रे जोडावा. अर्जदारास वाटले, आपल्याच वाचण्यात चूक झाली. तिने विचारले. भाऊसाहेब म्हणाले, "ताई, सरळ आहे हो. तुम्हाला फोटो नको ना? मग फोटो आणा, म्हणजे फोटो नको असं लिहून देता येईल." भाऊसाहेब मनाने चांगले आहेत. त्यांनी पाणीही विचारले.

५. अर्जदाराने तो नमुना फोटोशिवायच भरून दिला. पुढे समितीने डॉक्टरबाईंचे पत्र वाचले, असे मानण्यास जागा आहे, कारण त्यातला "प्रथिन" हा शब्द त्यांनी अचूक हेरला. शेरा मारला, "मुलीस प्रथिनांची कमतरता. सकस आहार घ्यावा." प्रकरण पोषण विभागाकडे गेले. तिथे मुलीला वजनकाट्यावर धरून उभे केले, दंडाचा घेर मोजला आणि सर्व ठीक असल्याचा दाखला हाती ठेवला. त्या दाखल्याच्या आधारे समितीने ठरवले की, प्रथिनांची कमतरता आता राहिलेली नाही, सबब सूट मागण्याचे कारणही राहिलेले नाही. मुलीला जन्मापासून झालेला आणि जगात कुठल्याही डॉक्टरला बरा करता न आलेला आजार आपल्या समितीने चहा गार व्हायच्या आत बरा केला. डॉक्टरबाईंनी हे ऐकून आपले पत्र परत मागितले आणि पेन उघडले. अर्जदारास मात्र त्या दाखल्यावर कौतुकाने हात फिरवावा की तो फाडून टाकावा, हे कळेना.

६. तरीही अर्जदाराने हाय खाल्ली नाही. तिने फेरविचाराचा अर्ज केला व आपण तिला भेटीस बोलावले. आपल्या दालनाच्या दारातून चाकाची खुर्ची आत जात नाही आणि लिफ्ट बंद, म्हणून मुलीला खाली एक्स-रेच्या खोलीबाहेरच्या बाकाशी ठेवावे लागले. शिपाईमामांना "जरा लक्ष ठेवा" असे सांगून अर्जदार वर आली. आपण तिचे म्हणणे ऐकून घेतले व "बघू" म्हणालात. इकडे शिपाईमामांनी लक्ष ठेवले. खुर्चीतल्या मुलीला ताटकळत ठेवणे त्यांना बरे वाटेना. अपंगांना रांगेत पुढे घ्यावे असा फलक तिथे आहेच. आपल्या कार्यालयात या फलकाची अंमलबजावणी झाल्याचे अर्जदाराने आजवर कधी पाहिले नव्हते. ती त्या दिवशी झाली.

७. मुलीने विरोध केला. पण तिचे वाक्य तिच्या गतीने येते. "मला" म्हणेपर्यंत खुर्ची आत गेली. "फोटो" म्हणेपर्यंत पाटी छातीला लागली. फोटोवाले काका म्हणाले, "हो हो बाळा, फोटोच काढतोय, घाबरू नकोस." "काढायचा नाहीये" हे शब्द बाहेर पडले तेव्हा मशीनचा दिवा विझून गेला होता. अर्जदार जिना उतरून आली तर मुलगी खुर्चीत बसून रडत होती, आणि मामा तिला चॉकलेट देऊ करत होते. अर्जदाराने राग कोणावर काढावा हेच ठरेना. दोघांनीही चांगल्या मनाने केले होते. घरी जाताना मुलगी म्हणाली, "मी सांगत होते गं." अर्जदार तिला म्हणाली, "मला माहीत आहे." त्या रात्री अर्जदाराच्या हातून एक टाका नीट पडला नाही.

८. एवढे होऊन निदान फाईल तरी पुढे सरकेल, अशी अर्जदाराची समजूत होती. ती भाबडी निघाली. कालच्या पत्रात आपण कळवता की, मुलगी हलल्यामुळे प्रतिमा अस्पष्ट आली आहे, सबब एक्स-रे पुन्हा काढावा. साहेब, ती हलणारच. हलणे हाच तिचा आजार आहे. दुसरा फोटो हलेल, मग तिसरा हलेल, आणि आपला विभाग चिकाटी सोडणारा नाही हे अर्जदाराने अनुभवले आहे. एक सूचना मात्र करावीशी वाटते. त्या अस्पष्ट प्रतिमेत आजाराचा पुरावा स्पष्ट आला आहे. समितीला पाहायला डोळे असतील, तर सूट देण्यासाठी तोच फोटो पुरे.

९. तरी विनंती अशी की, दुसऱ्या एक्स-रेचा आदेश मागे घ्यावा, रक्ताचा व थुंकीचा अहवाल ग्राह्य धरावा आणि मुलीला शाळेत घ्यावे. ते जमणार नसेल, तर प्रवेश का नाकारला ते एका ओळीत, आपल्या सहीने द्यावे. अर्जदार ती ओळ कुठे न्यायची तिथे नेईल.

१०. राहता राहिले आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य, "या वेळी मुलीस स्थिर ठेवण्यासाठी आईने तिला घट्ट धरून उभे राहावे." अर्जदाराने हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. साहेब, हा आजार मुलीला कसा झाला हे आपल्या समितीने विचारले नाही, म्हणून सांगते. ते प्रथिन घडवणाऱ्या जनुकाची बिघडलेली एक प्रत तिला वडिलांकडून मिळाली आणि एक आईकडून. दोघे धडधाकट, दोघांना पत्ताही नव्हता. लेकराला हे अर्जदाराने दिले ते नकळत दिले, आणि त्याचे दुःख ती रोज गिळते. आता मशीनसमोर तिला कवेत आवळून, वर तेच जाणूनबुजून द्या, असे आपण सांगता. आपली मशीन आपल्याकडे आहे, आपले नियम आपल्याकडे आहेत. धरणारे हात मात्र अर्जदाराचे आहेत, आणि ते मिळणार नाहीत.

उत्तराची वाट पाहणारी,
(सही)
मुलीची आई

दिनांक: आपले पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी, कार्यालय उघडण्यापूर्वी

सोबत:
१) रक्ताचा व थुंकीचा अहवाल (चौथ्यांदा).
२) डॉक्टरबाईंचे पत्र, "प्रथिन" या शब्दाखाली त्यांनी स्वतः केलेल्या खुलाशासह.
३) छातीचा दुसरा एक्स-रे: जोडलेला नाही.